जुनी सीडी आहे का?

गेल्या आठवड्यातली गोष्ट. डेडलाइन डोक्यावर, समोरची कॉफी थंडगार, आणि मोबाइलवर टिंग! एका मैत्रिणीचा व्हॉट्सॲप. उघडून बघते तर नुसता फोटो. खिडकीच्या काचेला लावून धरलेली काळीभोर फिल्म, तिच्यावर करडे करडे चौकोन, पाठीमागे समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खाली एकच ओळ, "आईचा सीटी आहे गं. तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवशील का प्लीज?"

खरं खरं सांगा, असा फोटो तुमच्यापैकी किती जणांनी पाठवलाय? चला, हात वर करा! लाजू नका, माझाही हात वरच आहे. आई-बाबा गावी, आपण इथे क्युबिकलमध्ये. दुसरं करणार तरी काय?

पण या वेळी मी तिला लगेच उलट टपाली लिहिलं, "फोटो नको. सीडी दिलीय का? आणि त्याहून महत्त्वाचं, आधी कधी स्कॅन झाला असेल तर त्याची जुनी सीडी आहे का?"

तिचं उत्तर, "सीडी? आजकाल सीडी कोण ठेवतं बाई?"

आमच्या घरी ठेवली होती, मंडळी. कुणी मुद्दाम नव्हे, अगदी चुकून. त्या चुकीनं आमच्या अण्णांच्या छातीत जाणारी एक सुई वाचली. आजचा कॉलम त्या सीडीचा.

सात मिलिमीटरचं टेन्शन

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात आयुष्यभर डिझायनर. डिझायनर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रॅम्प आणि फॅशन वीक येईल, पण आमच्याकडे तसलं काही नव्हतं हं! अण्णांचं डिझाइन म्हणजे टेबलभर पसरलेला ग्राफपेपर. त्यातला एकेक चौकोन रंगवायचा. एक चौकोन म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांची एक जागा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची, ती कार्डं जॅकार्डवर चढायची आणि खाली मागावर मोर नाचायला लागायचा. आज जिला जीआय टॅग आहे, त्या सोलापुरी चादरीवरचे किती मोर अण्णांचे, कुणास ठाऊक!

२०२५ च्या जानेवारीत होम मैदानावर गड्डा भरला होता. सिद्धेश्वराची यात्रा, पाळणे, धूळ, गर्दी. अण्णांचा खोकला तेव्हा सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. रिपोर्टमध्ये आलं, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ. पुढे सल्ला, आधीच्या स्कॅनशी तुलना करावी, नाहीतर पुढील तपासणी.

सात मिलिमीटर! शेंगदाण्याहूनही लहान. पण अण्णांनी तरुणपणी सिगारेटी ओढलेल्या. कापसाच्या धुळीत चाळीस वर्षं काढलेली. घरात 'गाठ' हा शब्द आला आणि शेंगाचटणीची चवच गेली. कुणी म्हणालं, मुंबईला टाटाला न्या. कुणी म्हणालं, पुण्यात बायोप्सी करून टाका, म्हणजे एकदाचं कळेल. बायोप्सी म्हणजे बरगड्यांमधून फुप्फुसात सुई घालून तुकडा काढायचा. कधी कधी त्यात फुप्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठते. हे सगळं मी नेटवर वाचलं आणि रात्रभर जागी राहिले. (रात्री दोन वाजता नेटवर आजार वाचू नये. हा माझा तुम्हाला फुकटचा सल्ला!)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि घर गाठलं.

पहिला प्रश्न

सोलापुरात ओळखी निघतातच. माझ्या भावाच्या मित्राच्या वहिनी निघाल्या रेडिओलॉजिस्ट! एरवी मी त्यांना वहिनी म्हणते, हॉस्पिटलात मॅडम. त्यांनी नव्या स्कॅनची फिल्म हातात घेतली, उजेडाकडे धरलीसुद्धा नाही. पाकिटात परत ठेवली आणि विचारलं, "काकांचा आधी कधी छातीचा सीटी झालाय?"

"कोविडमध्ये झाला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये."

"जुनी सीडी आहे का?"

आठवतोय ना तो एप्रिल? एचआरसीटी आणि त्याचा स्कोअर! पंचवीसपैकी किती, हे लोक दहावीच्या मार्कांसारखं एकमेकांना विचारत होते. अण्णांना पंचवीसपैकी आठ 'मार्क' पडले होते. सोलापुरात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, त्या दोन वर्षांत हजारो घरांत फुप्फुसांचा एकेक स्कॅन येऊन पडलाय. कपाटात, माळ्यावर, गादीखाली. त्याचं पुढे काही काम पडेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आम्ही घरी येऊन कपाट उपसलं. फाइल सापडली. रिपोर्ट वाचला. त्यात कोविडचं सगळं होतं, स्कोअर होता. गाठीचा मात्र एक शब्द नाही! फिल्मवर वीसेक चित्रं होती. भावानं ती ट्यूबलाइटसमोर धरली, मोबाइलची टॉर्च लावली. काही दिसेना. मग सगळ्यांच्या पोटात गोळाच आला. म्हणजे २०२१ मध्ये नव्हती, आता आहे. म्हणजे नवीन. म्हणजे...

मी मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट राहू दे. फिल्मही राहू दे. मला सीडी हवीय."

कबुतरं आणि फोटो स्टुडिओ

जिथे स्कॅन झाला होता, तिथे फोन लावला. उत्तर आलं, "मॅडम, एवढा जुना डेटा आता सर्व्हरवर नाही." आता त्यांच्याशी भांडून तरी काय होणार! डॉक्टरांसाठी २००२ पासूनचे जे नियम आहेत, त्यात ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद ३ वर्षं जपायला सांगितलंय आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायला सांगितलंय. आमचा स्कॅन पावणेचार वर्षांचा.

मग आईला आठवलं की, कबुतरं येऊ नयेत म्हणून तिनं गॅलरीत जुन्या सीड्या टांगल्या होत्या. माझ्या काळजाचा ठोका चुकला! धावत गेलो. पाच सीड्या उन्हात गरगर फिरत होत्या. एक भक्तिगीतांची, दोन भावाच्या कॉलेजच्या, एक हिंदी सिनेमाची, एक कोरी. आपली त्यात नव्हती. शेवटी ती सापडली भावाच्या लग्नाच्या अल्बमच्या खोक्यात. 'सीडी सगळ्या एके ठिकाणी' या आईच्या शिस्तीचा विजय असो!

पुढचा प्रॉब्लेम, लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. तुमच्याही नसेल, बघा. नवी पेठेत एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंसाठी जुना डेस्कटॉप अजून जिवंत होता. मालक म्हणाले, "अक्का, सीडी लै दिवसांनी बघितलो बघा!" त्यांनी रुमालानं ती पुसली, आत सरकवली. घर्र घर्र... ऐंशी टक्के... नव्वद टक्के... अडकली. कुणी बोलेना. मग परत घर्र. झालं! पावणेचार वर्षांपूर्वीचे अण्णा पेनड्राइव्हवर उतरले.

फोटो नव्हे, आकडे

दुसऱ्या दिवशी अण्णांनाही घेऊन गेले. मॅडमची खोली हॉस्पिटलासारखी वाटतच नव्हती. पडदे ओढलेले, दिवे मंद, जणू छोटं थिएटर. टेबलावर तीन स्क्रीन. दोन उंच, आपल्या ऑफिसातल्यासारखे आडवे नव्हेत, उभे ठेवलेले. तिसरा साधा, पेशंटची यादी आणि रिपोर्ट टाइप करायला. हेच ते वर्कस्टेशन. आपल्या आयुष्यातले कितीतरी निर्णय अशा खोल्यांत होतात आणि आपण ती खोली कधी बघतही नाही. आपण बाहेर बाकावर बसून पाकिटाची वाट बघतो.

मॅडमनी अण्णांचा नवा स्कॅन उघडला. माउसचं चाक फिरवलं आणि गळ्यापासून पोटापर्यंत अण्णा सरसर उलगडत गेले, पुस्तकाची पानं फडफडावीत तसे. अशी तीनशेच्या वर पानं. फिल्मवर त्यातली वीस-चोवीस निवडून छापलेली असतात. उरलेली कुठे असतात? फक्त सीडीत!

मग त्यांनी चित्र मोठं करत नेलं. आणखी मोठं, आणखी मोठं. शेवटी फुप्फुसाचे नुसते चौकोन उरले. काही काळे, काही करडे, काही पांढरे.

अण्णा खुर्चीतून पुढे सरकले. "अगं, हा तर ग्राफ आहे की!"

मॅडम हसल्या. "अगदी ग्राफच, काका. आडवे ५१२ चौकोन, उभे ५१२. आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा."

मंडळी, या विषयातला खरा फंडा हाच. सीटीचं चित्र हा कॅमेऱ्यानं काढलेला फोटो नसतोच. मशिन शरीराभोवती फिरत एक्स-रे सोडतं, पलीकडे किती पोचले ते मोजतं, आणि त्यावरून कॉम्प्युटर गणित करून सांगतो की, आतल्या अमुक ठिकाणचा पदार्थ किती दाट आहे. ही करामत ब्रिटिश इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांची. ते कामाला होते ईएमआयमध्ये. हो हो, बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणारी तीच कंपनी! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. तेव्हाचा ग्राफ होता फक्त ८० बाय ८० चा. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. चौकोनातल्या आकड्यांना आजही हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००. चरबी शून्याच्या थोडी खाली, मांस थोडं वर, आणि हाड शेकड्यांत, हजारापर्यंत.

आता गंमत बघा. हे आकडे उणे हजारापासून अधिक तीन हजारांपर्यंत, म्हणजे चार हजारांच्या वर पायऱ्या. साध्या स्क्रीनवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा असतात २५६. आपल्या डोळ्यांना तर त्याही सगळ्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग करायचं काय? तर सगळे आकडे एकदम दाखवायचेच नाहीत. हवा तेवढा पट्टा निवडायचा आणि सगळ्या छटा त्याच्यावर पसरायच्या. याला म्हणतात विंडो. फुप्फुस बघायचं तर साधारण उणे १३५० ते अधिक १५० चा पट्टा. मेंदू बघायचा तर फक्त शून्य ते ८०. माउस थोडा ओढला की विंडो बदलते, आणि जिथे काळोख होता तिथे अख्खी झाडाची फांदी उगवते.

मॅडमनी ते करून दाखवलं. एका विंडोत अण्णांची बरगडी लख्ख दिसत होती आणि फुप्फुस म्हणजे नुसतं काळं भोक. दुसऱ्या विंडोत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मागावरच्या ताण्यासारख्या पसरल्या आणि बरगडी पांढरा डाग झाली. आकडे तेच, चित्र वेगळं.

फिल्मवर एकदा विंडो छापली की संपलं, ती बदलता येत नाही. त्या फिल्मचा मोबाइलवर फोटो काढला की उरलेसुरले आकडेही गेले. आणि तो व्हॉट्सॲपवरून पाठवला की ॲप त्याला आणखी दाबून लहान करतं. म्हणजे आपण डॉक्टरांना काय पाठवतो? चादरीच्या फोटोच्या झेरॉक्सचा फोटो! आणि वर विचारतो, धागा कुठे तुटलाय सांगा बघू.

दोन उंच स्क्रीन कशाला?

"पण मॅडम, हेच माझ्या लॅपटॉपवर दिसणार नाही का?" मी विचारलं. आमच्या पिढीला प्रत्येक गोष्ट लॅपटॉपवर हवी असते ना!

दिसेल, त्या म्हणाल्या, पण निदान त्यावर करू नये. हे मेडिकल मॉनिटर जास्त प्रखर असतात आणि त्यांच्या करड्या छटा एका ठरलेल्या मापानं लावलेल्या असतात. एका पायरीपासून पुढची पायरी डोळ्याला सारखीच वेगळी दिसली पाहिजे, असं ते माप. ते टिकलंय की नाही, हे वेळोवेळी तपासावं लागतं. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी तर ५ मेगापिक्सलचे स्क्रीन वापरतात, कारण तिथे मिठाच्या कणाएवढे ठिपके शोधायचे असतात. खोली अंधारी का? थिएटरात दार उघडलं की पडदा कसा फिका पडतो, तसंच!

आणि नुसता स्क्रीन म्हणजे वर्कस्टेशन नव्हे. आडवे काप एकावर एक रचून त्यातून उभे, तिरके, हवे तसे काप काढायचे, गाठीचा व्यास मोजायचा, तिच्यावर छोटा गोल काढून आतल्या आकड्यांची सरासरी बघायची, रक्तवाहिन्यांचा थ्रीडी गुंता फिरवून बघायचा, हे सगळं करणारं सॉफ्टवेअर त्यात असतं. एके काळी यासाठी खास महागड्या मशिन लागायच्या. २००४ मध्ये दोन डॉक्टरांनी, आंत्वान रोसे आणि उस्मान रातिब यांनी, साध्या मॅकवर चालणारं ओसिरिक्स काढलं आणि फुकट वाटलं. डॉक्टरांनीच लिहिलेलं सॉफ्टवेअर! त्याच्याच कोडवर पुढे होरोस उभं राहिलं.

सगळ्यांची एक भाषा

नव्या स्कॅनचं मशिन एका कंपनीचं, २०२१ मधलं दुसऱ्या कंपनीचं. तरी मॅडमनी पेनड्राइव्ह लावला आणि जुने अण्णा दुसऱ्या उंच स्क्रीनवर हजर! मला वाटलं, यात काय विशेष? पण विशेष आहे.

तुम्ही कधी सोलापूरच्या एसटी स्टँडवर उभे राहिलात, तर एका कानात मराठी, दुसऱ्यात कानडी, मागून तेलुगू आणि समोरून उर्दू ऐकू येते. सुरुवातीला स्कॅन मशिनींचं तसंच होतं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, एकीचं चित्र दुसरीला वाचता यायचं नाही. मग अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि मशिन बनवणारे एकत्र बसले. १९८५ मध्ये पहिला मसुदा आला, आणि १९९३ मध्ये आजचं नाव मिळालं, डायकॉम. आता सीटी असो, एमआरआय असो, मशिन जपानी असो की जर्मन, सगळी डायकॉम बोलतात. प्रत्येक चित्राच्या पोटात पेशंटचं नाव, वय, तारीख, कापाची जाडी हेही लिहिलेलं असतं. म्हणूनच सीडीतल्या फाइली कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर टाकू नका. चित्राबरोबर तुमच्या आईचं नाव आणि जन्मतारीखही जाते!

ही समान भाषा झाल्यावर चित्रं प्रवासाला निघाली. २००२ मध्ये बंगळुरूत टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स सुरू झाली. अमेरिकेत रात्र, तेव्हा आपल्याकडे दिवस. म्हणून तिथले रात्रीचे स्कॅन इथले डॉक्टर बघायचे. कॉल सेंटरवाल्यांनी रात्री जागवल्या, यांनी मात्र दिवसाउजेडी काम केलं! मग देशातल्या देशातही हे सुरू झालं. पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्सचं काम असंच, मशिन गावोगावी आणि वाचणारे डॉक्टर पुण्यातल्या केंद्रात. पाठोपाठ वाचायला मदत करणारे प्रोग्रॅमही आले. मुंबईची क्युअर डॉट एआय २०१६ मधली, पुण्याची डीपटेक २०१७ मधली. दोघींचं मोठं काम छातीच्या एक्स-रेवर, टीबी हुडकण्याचं. २०२१ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेनंच पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या टीबी चाचपणीत अशा प्रोग्रॅमना हिरवा कंदील दाखवला.

सगळं झक्कास. पण माणूस वाचो की मशिन, जुनं चित्र समोर नसेल तर "ही गाठ वाढतेय का?" याचं उत्तर कुणाच्या बापालाही देता येणार नाही.

क्लिक

आता मुद्द्यावर. डावीकडे २०२१, उजवीकडे २०२५. मॅडमनी दोन्ही स्कॅन एकमेकांना जोडले. चाक एकदा फिरवलं की दोन्हीकडचे अण्णा एकदमच पुढे सरकत होते. डावीकडे कोविडचे धुरकट ढग, उजवीकडे ते विरलेले. खांद्याखाली... आणखी खाली... उजवीकडे गाठ आली. पांढरा, गोल, शांत ठिपका.

मी डावीकडे बघायचं धाडस करत नव्हते. अण्णाच म्हणाले, "ही काय, इथंबी आहे की."

होती! रक्तवाहिनीला खेटून, कोविडच्या ढगाच्या कडेला, त्याच जागी. फिल्मवर छापलेल्या दोन चित्रांच्या मधल्या कापांत ती राहून गेली होती. रिपोर्टमध्ये का आली नाही? त्या एप्रिलमध्ये डॉक्टरांपुढे स्कॅनचा ढीग होता आणि सगळ्यांना फक्त स्कोअर हवा होता. मला त्यावर भांडायचं नाही. मला एवढंच कळलं की, रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी, त्या घाईत, एका माणसाला जे दिसलं ते. आकडे मात्र न बोलता सगळं सांभाळून होते.

मॅडमनी दोन्हीकडे रेघ ओढली. क्लिक, क्लिक. डावीकडे ६.८ मिलिमीटर. उजवीकडे ७.

"वाढली?" माझा आवाज चिरकला.

"नाही गं. एवढा फरक माझ्या हाताचा. तीच गाठ मी दुपारी परत मोजली तरी येईल."

मग त्यांनी समजावलं. गाठ चेंडूसारखी असते. व्यास नुसता २६ टक्के वाढला तरी घनफळ दुप्पट होतं. म्हणजे सातची नऊच्याही आत असताना आतला माल दुप्पट झालेला असतो. म्हणून नुसत्या डोळ्यांचा अंदाज चालत नाही, दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून मोजावं लागतं. फुप्फुसाच्या बहुतेक घट्ट कॅन्सरना दुप्पट व्हायला काही महिने ते वर्षभर पुरतं. म्हणून घट्ट गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी, हा या धंद्यातला जुना संकेत. आपल्याकडे असा ठिपका पुष्कळदा कधीतरी येऊन बरा झालेल्या टीबीचा वण असतो. अण्णांची गाठ पावणेचार वर्षं जागची हललेली नव्हती.

"मला विचाराल तर सुई घालायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "पण रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांना भेटा. शेवटचं ते ठरवतील." छातीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खोकल्याचं औषध दिलं आणि अण्णांना तोंडाला रुमाल बांधून यात्रेला जायला सांगितलं!

बाहेर आल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडं चादरीत दोष आला की मालक चादर घेऊन यायचा, आरडाओरड करायचा. मी म्हणायचो, चादर नको, ग्राफ आणा. चूक कुठं पडली ते ग्राफात कळतं." खिशातून त्यांनी मार्कर काढला आणि सीडीवर ठळक अक्षरात तारीख घातली.

जाता जाता

तुमच्या-माझ्यासाठी, फ्रिजवर चिकटवून ठेवा:

१. स्कॅन झाला की फिल्म आणि रिपोर्टबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्ह तिथेच मागून घ्या. डायकॉम फाइली हव्यात, असं सांगा. पीडीएफ म्हणजे डायकॉम नव्हे.

२. त्याच आठवड्यात त्या फाइलींची हार्ड डिस्कवर एक जास्तीची कॉपी करा. एक चित्र अर्ध्या एमबीचं, तीनशे चित्रं म्हणजे दीडशे एमबी. एका सिनेमापेक्षा कमी! फोल्डरला नाव, अवयव आणि तारीख द्या.

३. कोविडमधला एचआरसीटी घरात असेल तर आज रात्रीच शोधा. सीडी कायम टिकत नाहीत, आणि सेंटरच्या सर्व्हरवर तो असेलच याचा भरवसा नाही.

४. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर अख्खा स्कॅन द्या. निवडक फोटो देणं म्हणजे पुस्तकाची चार पानं देऊन शेवट विचारणं.

५. घरी फुकटचं सॉफ्टवेअर लावून बघायला हरकत नाही, मजा येते. पण स्वतःच निदान करू नका. तुमच्या विंडोत जे दिसत नाही, ते नाहीच असं नसतं!

आणि हो, ती मैत्रीण. हे लिहून होतंय तोच परत टिंग झालं. "सापडली! आईच्या २०२१ च्या फाइलमध्ये होती, लिफाफ्यात. पण आता ही लावू कुठे? ड्राइव्हच नाही!"

मी तिला नवी पेठेतल्या स्टुडिओचा पत्ता पाठवलाय.